नारखेडे बाईंची जुळणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. माझं नाव अविनाश. चौथीत मी नारखेडे बाईंच्या वर्गात होतो, त्यामुळे बाई दुकानात शिरल्या की या वयातही मी आपोआप उभा राहतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या आल्या तेव्हाही राहिलो. फार्मर आयडीसाठी आलेली सहा-सात माणसं रांगेत होती. बाई कुणाकडेही न बघता सरळ माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

“अवि, हे मोठ्या पडद्यावर लाव. आरोहीनं पाठवलं पुण्याहून. वीस प्रश्नायची उत्तरं द्याची, मंग ते सांगते म्हणे तुमचा खरा धर्म कोणता.”

“खरा म्हणजे?”

“तेच त पाहाचं हाय!”

स्नेहलता नारखेडे बाईंना तेव्हा त्रेसष्टावं चालू होतं. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून त्या निवृत्त झाल्या. यजमान भगवंतराव मलकापूर रोडला भाजीपाला काढतात, वांगी, मेथी, ढेमसे. एकच मुलगी, तीही पुण्यात, आणि तिची मुलगी ही आरोही. बाईंचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की त्यांची चालच बदलते. एरवी साडी सावरत हळू चालणारी बाई भरभर चालायला लागते, आणि गावातले लोक एकमेकांना म्हणतात, बाईले काहीतरी सापडलं.

त्या दिवशी त्या जवळजवळ धावत आल्या होत्या.

प्रश्न इंग्रजीत होते. मी मोबाईलवर त्यांचं मराठी करून मोठ्यानं वाचायला लागलो. पहिलाच प्रश्न देवाचा. देव एक आहे, अनेक आहेत, नाही, की माहीत नाही?

“चारहीवर खूण होते का?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई, एकावरच.”

बाई विचारात पडल्या. रांगेतला एक पागोटेवाला म्हणाला, “एकच लिहा बाई. देव एकच हाय, बाकीचे त्याचे हापिसं हायत.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून त्या माणसाकडे नीट पाहिलं, जणू वर्गात कुणी पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिलं होतं. मग म्हणाल्या, “लिही अवि, एक.”

त्या वीस प्रश्नांना अडीच तास लागले. रांगेतली माणसं आपापलं काम विसरली. मेल्यावर काय होतं यावर दोघांचं वाजलं. जगात दुःख का आहे, या प्रश्नावर एक बाई म्हणाली, “याले काय चार पर्याय असते का?” चहावाला कप गोळा करायला आला आणि तिथेच थांबला. शेवटची खूण झाली, चाक गोल गोल फिरलं आणि यादी आली.

पहिल्या नंबरावर क्वेकर, एक्क्याण्णव टक्के. खाली बौद्ध, जैन, आणि मी कधी नावंही न ऐकलेले दोन-तीन पंथ. हिंदू सातव्या नंबरावर, अठ्ठावन्न टक्के.

“हे क्वेकर काय असते?”

शोधलं. इंग्लंडात साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी निघालेला ख्रिस्ती लोकांमधला पंथ. त्यांच्यात बऱ्याच ठिकाणी पुजारी नसतो. एका खोलीत सगळे तासभर गप्प बसतात आणि कुणाला आतून काही सुचलं तर तेवढंच उठून बोलतात.

“तासभर गप्प?” बाई म्हणाल्या. “मी?”

मग मात्र त्या अशा हसल्या की त्यांनी टेबलाला धरलं. डोळ्यांतून पाणी आलं. “अवि, अरे सातव्या नंबरावर! शाळेत मी कधी सातवा नंबर नाही घेतला!”

संध्याकाळी भगवंतरावांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “मंग एकादशीची साबुदाण्याची उसळ होईन का नाही?”

“होईन ना!”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले आणि पुढची जुडी घेतली.

मला वाटलं, गंमत झाली, संपली. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो तो बाई ओट्यावर बसलेल्या. मांडीवर दोनशे पानी वही.

“त्यायनं प्रश्नच चुकीचे काढले,” त्या म्हणाल्या. “नवस नाही त्यात. अंगात येणं नाही. रस्त्यानं चालता चालता देऊळ लागलं, दर्गा लागला, विहार लागलं, त हात कुठं कुठं जोडल्या जाते, हे कोणी विचारलंच नाही. इथल्या माणसाले इथले प्रश्न पाह्यजेत.”

आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. २०११ च्या जनगणनेत बाईंकडे जवळच्या रोहिणखेडची काही घरं होती. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, “धर्म?” म्हातारीनं ओसरीवर ऐसपैस बसकण मारली. “विचारलंच हाय त सांगतो,” ती म्हणाली, “लगन होऊन आलो तवाची गोष्ट हाय.” बाई म्हणाल्या, “आजी, एका शब्दात सांगा. अजून बारा घरं राह्यले.” म्हातारीनं एक शब्द सांगितला. बाईंनी तो रकान्यात लिहिला आणि पुढच्या घरी गेल्या.

“काय सांगणार होती रे ते?” बाई म्हणाल्या. “चौदा वर्षं झाले. नंतर गेलती मी, त ते वारली होती. हजारो लोकायचा धर्म लिहिला मी या हातानं, अवि. एकालेही विचारलं नाही का बाप्पा, तुले वाटते काय?”

दहा दिवसांत वीस प्रश्न तयार झाले. बाईंनी ते आपल्या बोलीतच लिहिले, म्हणजे कुणालाही वाचून दाखवता येतील. नवस फेडला नाही त देव रागावते का? मेलेलं माणूस आपल्याले पाहून राह्यते का? जनावराले पाप लागते का? खोटं बोलून कोणाचा जीव वाचत असन, त बोलाचं का नाही? देवाशी भांडता का, भांडत असान त कवा कवा? प्रत्येकाला चार उत्तरं आणि खाली पाचवं, “सांगता येत नाही”. हे पाचवं काढून टाकावं असं मी म्हटलं, कारण त्यानं हिशेब बिघडतो. बाईंनी माझ्याकडे चौथीतल्यासारखं पाहिलं. पाचवं राहिलं.

अडचण पुढे आली. उत्तरं आली तरी त्यावरून धर्म ठरवायचा कसा? त्या इंग्रजी साइटजवळ प्रत्येक धर्माची उत्तरं आधीपासून भरलेली असणार. आपल्याला ती कुणी द्यायची?

“जायचं आणि विचाराचं,” बाई म्हणाल्या. चाल बदललेलीच होती.

पहिल्यांदा आम्ही भालचंद्र गुरुजींकडे गेलो. गावातल्या निम्म्या घरांचे सत्यनारायण आणि वास्तुशांती तेच करतात. गुरुजी उत्साहानं बसले. पहिल्या काही प्रश्नांची उत्तरं त्यांनी पंचांग सांगावं तशी धडाधड दिली. मेलेल्या माणसाच्या प्रश्नाशी आले आणि थबकले.

“बाई, शास्त्र सांगतं ते लिहू, की मला वाटतं ते?”

बाईंचे डोळे चमकले. “दोन्ही लिहा गुरुजी. दोन रकाने करते.”

दोन रकाने भरले. वीसपैकी आठ ठिकाणी गुरुजींचं शास्त्र एकीकडे आणि गुरुजी दुसरीकडे. गुरुजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. “हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

मग रोहिणखेड. तिथल्या जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शब्बीर मिस्त्रींचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात. भगवंतरावांची मोटर त्यांनी दोनदा भरून दिली होती, त्या ओळखीवर आम्ही गेलो. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मिस्त्रींनी वीसही उत्तरं दिली. बाईंनी कागदाच्या वर “इस्लाम” असं लिहिलेलं त्यांना दिसलं तसे त्यांचे हात थांबले.

“बाई, ये काट दो. हे माहे उत्तरं हायत. मजहब के नहीं. मजहबचं विचाराचं असन त आलिमले विचारा, तो किताब उघडून सांगन. मी शब्बीर मिस्त्री. माह्या नावानं लिहा.”

बाईंनी तो शब्द खोडला आणि “शब्बीर मिस्त्री, रोहिणखेड” असं लिहिलं. परतताना काळीपिवळी जीपमध्ये आम्ही मधल्या सीटवर कोंबून बसलो होतो. बाई कधी नव्हे त्या गप्प. मला वाटलं, झालं, बाईंचा उत्साह संपला. तेवढ्यात त्यांनी माझा दंड असा दाबला की मी ओरडलोच.

“अवि! धर्म काढून टाक!”

अख्खी काळीपिवळी मागे वळून बघायला लागली. ड्रायव्हरनंसुद्धा आरशात पाहिलं.

“फॉर्ममधून म्हणून राह्यली मी,” बाईंनी सगळ्यांना समजावलं आणि मग माझ्याकडे वळल्या. “माणूस आणि धर्म जुळवाचाच काऊन? माणूस आणि माणूस जुळव! ज्याचे उत्तरं ज्याच्याशी जास्तीत जास्त जुळते, त्याचं नाव द्याचं. तुह्या त्या एक्सेलमंधी होते का असं?”

होत होतं. त्यात अवघड काही नव्हतंच. अवघड होतं ते बाईंनी त्याच सीटवर बसून केलेले नियम पाळणं. ज्याचं नाव द्यायचं त्याला आधी विचारायचं. दोघंही हो म्हणाले तरच चिठ्ठी छापायची. जात, धर्म, आडनाव फॉर्मवर नाही, फक्त नाव, गाव आणि मोबाईल. कुणाची उत्तरं तिसऱ्याला सांगायची नाहीत. मोताळा येईपर्यंत समोरच्या सीटवरच्या दोघांनी आपले नंबरही लिहून दिले होते.

पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस फॉर्म आले. लोक दुकानात सातबारा काढायला यायचे आणि फॉर्म भरून जायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाई वाचून दाखवायच्या, आणि त्या मात्र कुणालाही “एका शब्दात सांगा” म्हणायच्या नाहीत. आठवड्याच्या शेवटी मी पहिली जुळणी काढली. सगळ्यात वरची जोडी बघून मी पुन्हा एकदा सगळे आकडे तपासले. बरोबरच होतं.

भालचंद्र गुरुजी, त्यांचा ‘मला वाटतं’चा रकाना धरून, आणि शब्बीर मिस्त्री. वीसपैकी अठरा.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाल्या, “फोन लाव. आधी मिस्त्रीले.”

दोघंही हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गुरुजी आपली स्कूटर घेऊन रोहिणखेडला निघाले, मागे माझ्या मोटरसायकलवर मी. बाई आधीच पोचलेल्या. गुरुजी मिस्त्रींच्या दुकानासमोर उतरले आणि नवरदेवासारखे अवघडून उभे राहिले. मिस्त्रींनी हात पुसून खुर्ची दिली. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. क्वेकर लोकांसारखं, असं माझ्या मनात आलं आणि मला हसू आवरेना.

“ते भांडणाचं,” गुरुजींनीच सुरुवात केली. “तुम्ही काय लिहिलं होतं?”

“रोज,” मिस्त्री म्हणाले.

“मीही रोज. माझी बायको नऊ वर्षं अंथरुणावर आहे. पूजेला बसलो की आधी भांडतो आणि मग घंटा वाजवतो.”

मिस्त्रींनी मान हलवली. “मी नमाजच्या नंतर भांडतो गुरुजी. आधी भांडलं त नमाजमंधी ध्यान लागत नाही.”

“असं म्हणता?” गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. “मग मी क्रम बदलून बघतो.”

दोन वाजेपर्यंत ते बोलत होते. जेवायची वेळ टळली. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मिस्त्रींनी “उद्या या” म्हणून परत पाठवलं. परत येताना बाई स्कूटर आणि मोटरसायकल सोडून थोडं अंतर पायीच चालल्या, कारण म्हणे त्यांना बसवत नव्हतं. भर उन्हात, डोक्यावर पदर, आणि तोंडानं एकच, “पाह्यलं का अवि, पाह्यलं का?”

त्यानंतर फॉर्म मी मोबाईलवर टाकला आणि तो पसरला. रोज सकाळी मी उघडून बघायचो तर तीस-चाळीस नवीन. मलकापूर, नांदुरा, शेगावहून एका लॉजच्या मॅनेजरचा. बाई सकाळी आठला येऊन आकडा विचारायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. हो, त्यांनी माझ्या दुकानात फळा लावला होता.

मार्चच्या मध्यावर माझ्या मोबाईलवर एक मेसेज आला. कुठल्याशा ग्रुपमधून फिरत आलेला. “मोताळ्यात एक बाई धर्म बदलाचे फॉर्म भरून घेऊन राह्यली. सावध राहा.” खाली माझ्या दुकानाचा फोटो.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. बायको-लेकरं डोळ्यांपुढे आली. शटर अर्धं ओढलं. बाई आल्या, मेसेज वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी शटर परत वर करायला लावलं. “बंद केलं त खरं वाटन लोकायले,” एवढंच म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. पदराचं टोक त्या सारखं बोटाला गुंडाळत होत्या.

अकरा वाजता चार पोरं मोटरसायकलींवर आली. पुढे प्रज्वल होता. गावातल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष, अंगानं आडवा, आवाज मोठा. बाईंना बघून त्याचा आवाज जरा खाली आला.

“बाई, हे काय करून राह्यला तुम्ही? लोकं काय काय बोलून राह्यले.”

“फॉर्म वाचला का तू?”

“नाही.”

“मंग वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यायले ऐकू येऊ दे.” बाईंनी कागद पुढे केला.

प्रज्वल वाचायला लागला. पहिले तीन प्रश्न त्यानं रागात वाचले. चौथा होता, देवाच्या नावानं कोणी लोकायले फसवत असन, त थांबवाचं का चालू द्याचं? तो अडखळला. सहाव्याला, नवसाच्या प्रश्नाला, त्याच्या मागचा मित्र म्हणाला, “याचं त दुसरं असन उत्तर.” प्रज्वल वळला. “काऊन बे? नवस बोलला त फेडाच लागते.”

“देव काय सावकार हाय का?”

“तू गप रे!”

अर्धा तास चौघं फॉर्मवर भांडले. बाईंच्या पदराचं टोक कधी सुटलं कळलं नाही. त्या मधेमधे तोंड घालत होत्या, “आणि दहावा? दहाव्याचं सांगा!” शेवटी चौघांनी फॉर्म भरले. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या प्रज्वल आणि त्या मित्राचे वीसपैकी सात जुळले. प्रज्वल त्या आकड्याकडे बघतच राहिला. “इतके दिवस आम्ही काय बोललो मंग?” तो म्हणाला. दुपारी त्याच ग्रुपमध्ये त्यानं लिहिलं, “फॉर्म मी भरला. त्यात असं काही नाही. आधी वाचा, मंग बोला.” मेसेज फिरायचा थांबला नाही, पण त्याच्या मागे मागे प्रज्वलचा मेसेजही फिरायला लागला, आणि दुकानात मात्र त्यानंतर कुणी जाब विचारायला आलं नाही.

भगवंतरावांनी तोवर फॉर्मला हात लावला नव्हता. “मी काय मानतो ते मले माहीत हाय,” एवढंच म्हणायचे. त्या संध्याकाळी बाईंनी दिवसभराचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “आण तो कागद.” बाई मला सांगत होत्या, लग्नात हार घालतानासुद्धा त्यांना इतकी धडधड झाली नव्हती.

भगवंतरावांची जुळणी निघाली प्रज्वलशी, सोळा. बाईंशी नऊ.

“नऊ!” बाई दुकानात ओरडल्या. “अडतीस वर्षं नऊवर संसार केला आम्ही!” आणि त्यांना त्यात दुःख नव्हतं, नवलच होतं. आता प्रज्वल अधूनमधून शेतात येतो, भगवंतरावांबरोबर वाफ्यात बसून सोमवारच्या उपासावर बोलतो. दोघं मिळून बाईंना नावं ठेवतात.

राहिल्या बाई स्वतः. सहाशेवर फॉर्म झाले तरी त्यांचा आकडा कुणाशीच तेराच्या वर जाईना. त्या बोलायच्या नाहीत, पण फळ्यावरचा आकडा लिहून झाला की माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायचो. “असू दे,” म्हणायच्या, “कोणीतरी एकटं पडतेच.”

एप्रिलच्या चौदा-पंधरा तारखेला सकाळी मी संगणक उघडला आणि पुन्हा एकदा उभा राहिलो, बाई दुकानात नसताना.

सत्यभामाबाई, दुसरबीड. सतरा.

बाईंना फोन केला तर चार मिनिटांत त्या दारात. दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यातलं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही नंबर लावला. पलीकडे सून होती, तिनंच प्रश्न वाचून दाखवून सासूचा फॉर्म भरला होता. तिनं जे सांगितलं ते ऐकून बाईंनी मोबाईल कानापासून दूर धरला आणि परत लावला. सत्यभामाबाईंच्या अंगात देवी येते. दर मंगळवारी. पंचक्रोशीतून लोक विचारायला येतात.

आणि बाई म्हणजे, ज्यांनी चौतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, अंगात येण्यावर शाळेत नाटक बसवलं!

“कधी येऊ?” बाईंनी फोनवर विचारलं.

दोन दिवसांनी आम्ही पहिली गाडी धरली. राजूरचा घाट चढून बुलढाणा, तिथून चिखली, पुढे गाडी बदलून दुपारी दुसरबीड. सबंध रस्ता बाई खिडकीशी सरळ बसून होत्या. प्रवासात त्यांनी तीन वेळा मला विचारलं, “सतराच ना रे? मोजलं ना नीट?”

सत्यभामाबाई रस्त्यालगतच्या घरापुढे उभ्याच होत्या. सत्तरीच्या, काटक, कपाळावर मोठा मळवट. त्यांनी बाईंना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मास्तरीण व्हय तुम्ही?”

“हो.”

“मग माझ्या अंगात येतं ते खरं का खोटं, तुमचं काय म्हणणं? आधी ते सांगा. मग पाणी देते.”

बाईंनी सरळ सांगितलं, “मले खोटं वाटते.”

सत्यभामाबाई खळखळून हसल्या. “मलाबी आधी वाटायचं माय! या आत.”

पाणी झालं, चहा झाला. बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. जुळलेल्या सतरांवरून त्या बोट फिरवायला लागल्या, तर सत्यभामाबाईंनी त्यांचं बोट धरून उचललं.

“ह्यात काय बोलायचं? हे तर जुळलंच. तीन काढा, जे जुळत नाहीत ते. तुम्ही म्हणता, जीव वाचवायलाबी खोटं बोलू नये? कामून?”

“एकदा बोललं की मंग सवय लागते.”

“आणि तो मेला तर? मेल्याला परत जगायची सवय कोण लावणार?”

बाईंनी फॉर्म पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाल्या, “थांबा. मी नीट सांगते.” आणि दोघी सुरू झाल्या. सून मला म्हणाली, “आत्याबाईंशी असं कुणी बोलत नाही हो. सगळे पाया पडतात आणि जातात.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. मंगळवार नसतानाही बाहेर तीन-चार माणसं विचारायला आली होती. सत्यभामाबाईंनी त्यांना आतूनच सांगितलं, “आज देवी नाही, आज मास्तरीण आली.”

पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेना तेव्हा त्या दुसऱ्यावर गेल्या, मरणानंतरच्या. त्यावर बाईंनी बसल्या जागी आपलं उत्तर बदलून “सांगता येत नाही” केलं. सत्यभामाबाई म्हणाल्या, “मग माझंबी तेच लिहा, मी उगं जोरात सांगत होते.” आता अठरा झाले. बाईंनी माझ्याकडे वळून दोन्ही मुठी वर केल्या, क्रिकेट जिंकल्यावर पोरं करतात तशा.

परतीची शेवटची गाडी निघत होती. बाई पळत पळत चढल्या, खिडकीपाशी बसल्या, आणि सत्यभामाबाई खालून अजून बोलतच होत्या, “नवसाचं राहिलं! नवसाचं राहिलं माय!” गाडी हलली. बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून ओरडल्या, “मोताळ्याले या! आठ दिवस या!”

सत्यभामाबाई मे महिन्यात आल्या. आठ दिवसांच्या म्हणून आल्या आणि अकरा दिवस राहिल्या. भगवंतराव वांग्यांची पाटी घेऊन घरी आले की ओट्यावर दोघी नवसावर भांडत असायच्या, मग भगवंतराव आणि प्रज्वल एका बाजूला होऊन त्यांच्याशी भांडायचे. एका दुपारी भालचंद्र गुरुजी आणि शब्बीर मिस्त्रीही येऊन बसले. मंगळवारी सत्यभामाबाईंच्या अंगात आलं. बाई शेजारी बसून राहिल्या, पाणी दिलं, आणि ते ओसरल्यावर म्हणाल्या, “आता सांगा, कसं वाटत होतं? सगळं सांगा. मले घाई नाही.”